सुखाची नोंदवही: मुंबईच्या दिनक्रमात सहा आठवड्यांचा प्रयोग कसा करावा

हा प्रयोग करायला एक शंभर पानी वही, एक पेन आणि सलग सहा आठवडे एवढेच साहित्य लागते. रोजचा वेळ म्हणाल तर रात्री जेवणे आटोपल्यावरची दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आपल्या दिवसातल्या कोणत्या घटका बऱ्या जातात आणि कोणत्या नकोशा होतात हे अंदाजाने न ठरवता लिहून पाहायचे, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडला का ते पुन्हा वहीतच शोधायचे, असे त्याचे स्वरूप आहे. मी डोंबिवलीत राहते, फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करते आणि हा प्रयोग आजवर दोनदा केला आहे. पहिल्या खेपेला कुठे चुकले तेही पुढे सांगणार आहे, कारण त्या चुका बहुतेकांच्या हातून होतील अशाच आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे गरजेचे आहे. मार्टिन सेलिग्मन १९९८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते, तेव्हा मानसशास्त्राने मनाच्या आजारांइतकेच लक्ष माणसे चांगली कशी जगतात याकडेही द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्यातून ‘सकारात्मक मानसशास्त्र’ या नावाने अभ्यासाची एक शाखा उभी राहिली. सुखाचे मोजमाप मात्र त्याआधीपासून चालू होते. या संशोधनात ‘सुख’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात: एक म्हणजे आयुष्याकडे एकूण पाहून वाटणारे समाधान, आणि दुसरी म्हणजे दिवसभरात क्षणोक्षणी असणारी मनःस्थिती. दोन्ही एकाच दिशेने जातील असे नाही. चाळीतली खोली सोडून कुटुंब बदलापूरला स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला गेले की पहिले माप वर जाते, आणि रोजचे दोन-अडीच तास गाडीत उभे राहण्यात गेल्यामुळे दुसरे खाली येते. आपण नेमके काय वाढवू पाहतो आहोत हे ठाऊक नसेल, तर माणूस समाधानासाठी घेतलेल्या निर्णयाचा रोज संध्याकाळी पश्चात्ताप करीत बसतो.

‘सकारात्मक’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो, तोही इथेच दूर केलेला बरा. आरशासमोर उभे राहून ‘मी फार चांगली आहे’ असे घोकणे म्हणजे हे शास्त्र नव्हे. उलट ज्यांना स्वतःविषयी मुळातच कमीपणा वाटतो, त्यांना अशी वाक्ये घोकल्यावर अधिक वाईट वाटते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. सुखी असण्याला जे फार महत्त्व देतात, ते आनंदाच्या प्रसंगीच अधिक निराश होतात, असे आणखी एका संशोधनातून २०११ साली पुढे आले. म्हणूनच या वहीत ‘मी आज सुखी आहे का’ हा प्रश्न रोज विचारायचा नाही. रोज लिहायचे ते घडलेले प्रसंग.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर हा प्रयोग बाजूला ठेवावा आणि डॉक्टरांना भेटावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. वही हा उपचार नाही.

पहिला आठवडा: काहीही न बदलता फक्त नोंद

पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर पाच विधाने लिहावीत. मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी सहकाऱ्यांसह १९८५ साली प्रसिद्ध केलेली समाधानाची ही मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. तिचा आशय साधारण असा आहे: माझे आयुष्य बऱ्याच अंशी माझ्या मनासारखे आहे, माझी परिस्थिती उत्तम आहे, मी माझ्या आयुष्याबाबत समाधानी आहे, मला ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटत होत्या त्या आतापर्यंत मिळाल्या आहेत, पुन्हा जगायला मिळाले तर मी फारसे काही बदलणार नाही. प्रत्येक विधानापुढे १ ते ७ पैकी एक आकडा घालावा, १ म्हणजे अजिबात पटत नाही आणि ७ म्हणजे पूर्ण पटते. बेरीज ५ ते ३५ च्या दरम्यान येते आणि २० हा मध्य मानतात. बेरजेखाली वार आणि वेळ अवश्य लिहावी. पहिल्या खेपेला मी ही विधाने पहिल्यांदा सोमवारी रात्री भरली आणि शेवटी भरली ती जोडून आलेल्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या झोपेनंतर. साहजिकच आकडा चांगला आला आणि त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. दोन्ही वेळा वार आणि वेळ एकच हवी.

खरे काम रोजच्या नोंदीचे आहे. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पद्धत मांडली, तिच्यात माणसाने कालचा दिवस आठवून त्याचे नाटकातल्या प्रवेशांसारखे तुकडे पाडायचे असतात आणि प्रत्येक तुकड्याबद्दल चार गोष्टी लिहायच्या असतात: केव्हापासून केव्हापर्यंत, काय करीत होतो, सोबत कोण होते आणि कसे वाटत होते. आपण भावनेला ० ते ६ पैकी एकच आकडा देऊ. शून्य म्हणजे नकोसे, सहा म्हणजे अगदी छान. संशोधकांनी ही पद्धत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांवर वापरली, तेव्हा मित्रमंडळींसोबतचा वेळ वर आला, साहेबांसोबतचा तळाशी गेला, आणि दिवसातल्या सर्वांत नावडत्या प्रसंगांत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास आला.

हे वाचून मुंबईकर लगेच मान डोलावेल. मीही डोलावली होती. ‘गाडीची दगदग’ हे माझ्या सगळ्या थकव्याचे ठरलेले कारण होते, आणि वर्षानुवर्षे मी ते घरात, कार्यालयात आणि स्वतःलाही सांगत आले होते. वहीतल्या एका मंगळवारच्या नोंदी इथे जशाच्या तशा देते, म्हणजे नोंद किती साधी असावी हेही लक्षात येईल:

७.४० ते ८.५५, गाडी, ग्रुपमधल्या चौघी, ठाण्यापर्यंत उभी, मग बसायला मिळाले, सुलभाताईंच्या मुलीच्या साखरपुड्याच्या गप्पा: ४.
६.२५ ते ७.३५, गाडी, एकटी, कानात इअरफोन, मोबाईल: २.
८.०० ते ९.१०, घर, तिघेही घरात, टीव्ही चालू, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मी मध्येच कुकर लावला: १.

सात दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसले की सकाळची गर्दीची गाडी बहुतेक दिवस तीन-चारच्या खाली गेलीच नव्हती, आणि ज्या तासाची मी दिवसभर वाट पाहत होते, तो घरी पोहोचल्यानंतरचा तास सर्वांत खाली होता. टेक्सासमधल्या बाईचा प्रवास आणि डोंबिवलीच्या महिला डब्यातला प्रवास यांत हा फरक पडणारच, कारण आमच्या डब्यात माणसे वर्षानुवर्षे एकाच गाडीला, एकाच दाराशी भेटतात, हळदीकुंकू आणि वाढदिवस तिथेच होतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या संशोधनातले निष्कर्ष उचलून आपल्या दिवसाला चिकटवू नयेत. घ्यायची ती त्यांची पद्धत. आपल्याला काय आवडेल आणि कशाने त्रास होईल याचे आपले अंदाज वारंवार चुकतात, हे या क्षेत्रातल्या अगदी पक्क्या निष्कर्षांपैकी एक आहे, आणि पहिला आठवडा नुसता नोंदीत घालवायचा तो त्यासाठीच.

दुसरा आणि तिसरा आठवडा: एक बदल

पहिल्या खेपेची माझी मोठी चूक इथली. आठवडाभराच्या नोंदी पाहून मी उत्साहाने पाच गोष्टी एकदम सुरू केल्या: पहाटे चालायला जाणे, रात्री कृतज्ञतेची नोंद, मोबाईल बंद, प्राणायाम आणि आठवड्यातून एक मैत्रीण. तिसऱ्या आठवड्यात मुलाची परीक्षा आली आणि पाचही गोष्टी एकत्रच सुटल्या. त्यांपैकी कशाचा उपयोग होत होता, हेही कळायला मार्ग उरला नाही. म्हणून सर्वांत कमी आकड्याचा, पण आपल्या हातात असलेला एकच प्रसंग निवडावा आणि त्यात एकच फेरफार करावा. साहेबांचा स्वभाव आपल्या हातात नाही. परतीची गाडी आहे.

मी परतीचा प्रवास निवडला, कारण त्यामागे एक चांगला प्रयोग उभा आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या उपनगरी गाड्यांतल्या प्रवाशांचे तीन गट केले, एका गटाला शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, दुसऱ्याला एकटे गप्प बसायला आणि तिसऱ्याला नेहमीसारखे वागायला. बोलणे त्रासदायक होईल असा लोकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात बोललेल्यांचाच प्रवास सर्वांत चांगला गेला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

संध्याकाळी मी फास्ट गाडी सोडून सीएसएमटीहून सुटणारी स्लो धरू लागले, वीसेक मिनिटे जास्त लागतात पण बसायला मिळते, आणि इअरफोन पर्समध्येच ठेवू लागले. पहिले दोन दिवस काहीच घडले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई भायखळ्यापासून मांडीवर पिशवी पसरून वाटाणे सोलत होती, मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर तिने एक मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “घ्या, तेवढेच लवकर होईल.” मुलुंड येईपर्यंत अर्धा किलो वाटाणा सोलून झाला होता, तिच्या सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, मुलाचे अकरावीचे ॲडमिशन आणि वाटाण्याचा भाव एवढे सगळे बोलून झाले होते, आणि वहीत त्या संध्याकाळपुढे ५ पडला. रोज असे होत नाही. दोन आठवड्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास आली, म्हणजे आधीच्या दोनपेक्षा बरीच वर.

ज्यांना अनोळखी माणसाशी बोलणे जिवावर येते, त्यांनी ओळखीच्या माणसापासून सुरुवात करावी: त्याच मजल्यावरचा सहकारी त्याच दिशेला जात असेल तर एक गाडी थांबून त्याच्यासोबत जावे. आणि गर्दीत लटकत जाणाऱ्याने बोलण्याचा आग्रह धरू नये. विरारच्या गाडीत दाराशी उभे असताना जीव सांभाळणे हेच काम असते, त्याने बदलासाठी घरातला किंवा कार्यालयातला प्रसंग निवडावा.

चौथा आणि पाचवा आठवडा: कृतज्ञता, पण आपल्या पद्धतीने

दुसऱ्या बदलासाठी मी कृतज्ञता सुचवते, आणि इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण पुस्तकी पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही.

सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तपासलेला एक उपाय असा आहे: आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या गेलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हे लिहायचे. त्यांच्या अभ्यासात या लोकांचे सुख सहा महिन्यांनंतरही वाढलेले आढळले. तुलनेसाठी दुसऱ्या एका गटाला रोज रात्री लहानपणीच्या आठवणी लिहायला सांगितले होते, आणि पहिल्या काही दिवसांत त्यांनाही बरे वाटले. नंतर ते पूर्ववत झाले. काहीही नवे सुरू केले की आठवडाभर बरे वाटतेच, म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावर कधीही विसंबू नये, आणि म्हणूनच आपण प्रत्येक बदलाला दोन आठवडे देतो. ‘का घडले’ हा भाग गाळू नये. ‘आज पाऊस छान पडला’ या नोंदीने फारसे काही होत नाही. ‘दादरला चढलेल्या मुलीने माझी बॅग न सांगता वरच्या रॅकवर ठेवली, कारण माझ्या एका हातात छत्री आणि दुसऱ्यात डबा होता आणि तिने ते पाहिले’ या नोंदीत कुणीतरी आपल्याकडे पाहिले हे दिसते.

हीच नोंद वर्षानुवर्षे रोज करीत राहिले तर ती पोथी वाचल्यासारखी यांत्रिक होते. सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा अशी उजळणी करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. तेव्हा पहिला आठवडा रोज आणि पुढे फक्त रविवारी, हा क्रम मला रास्त वाटतो.

सेलिग्मन यांच्या २००५ च्या त्या अभ्यासातला दुसरा उपाय म्हणजे ज्याचे आभार मानायचे राहून गेले, त्याला पत्र लिहून ते स्वतः जाऊन वाचून दाखवणे. त्याचा परिणाम सुरुवातीला फार मोठा दिसला आणि काही महिन्यांत ओसरला. पण मराठी घरात आभार मानणे म्हणजे परकेपणा दाखवणे. आईला कुणी ‘धन्यवाद’ म्हणाले तर ती काळजीने कपाळाला हात लावून पाहील. अमेरिका आणि दक्षिण कोरिया या दोन देशांत हा उपाय तपासला गेला, तेव्हा कोरियन लोकांना कृतज्ञतेच्या लेखनाचा लाभ कमी झाला, असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले होते. आपल्या माणसांबाबतही सावधपणे वागावे असे मला त्यावरून वाटते.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. शेजारच्या खोलीतल्या काकू मी दहावीत असताना रोज रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा माझ्यासाठी चालू ठेवीत, कारण आमच्या खोलीत रात्री नऊनंतर बाबांना झोप लागायची. काकू आता मुलाकडे बोरिवलीला असतात. मी पत्र घेऊन गेले, दोन ओळी वाचल्या, आणि त्यांनी मला थांबवून विचारले, “अगं, त्यात काय एवढं? तू जेवून आलीस का?” पत्र पिशवीत परत गेले. मग जेवताना मी नुसती आठवण सांगू लागले: दिवा पिवळा होता, ओट्यावर भिजवलेल्या मटकीचे भांडे असायचे, आणि झोपायला जाण्यापूर्वी त्या माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून जायच्या. तांब्याचे ऐकून काकू गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “तुला आठवतं?” पुढचा तास आम्ही चाळीविषयी बोलत होतो. आपल्याकडे हीच वाट धरावी: आभाराचे शब्द टाळावेत, कागद घरी ठेवावा आणि समोरच्याने केलेली एक बारीकशी गोष्ट तपशिलासह त्याला सांगावी.

घरातल्या ज्या तासापुढे १ पडला होता, त्याला मी या आठवड्यांत मुद्दाम हात लावला नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती, आणि वाचकांनीही असा मोह आवरावा.

कृतज्ञता नको असेल तर दुसऱ्यासाठी खर्च करून पाहावा. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात लोकांना पाच किंवा वीस डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले होते. ज्यांनी ते दुसऱ्यावर खर्च केले ते अधिक आनंदी निघाले, आणि रक्कम किती याने फरक पडला नाही. पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात आठवड्याला पन्नास रुपये ठेवले तरी चालते. हास्यक्लबाबद्दलही अनेक जण विचारतात. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये पाच जणांना घेऊन मुंबईतल्याच एका उद्यानात तो सुरू केला, तेव्हा ही तर आपल्या शहराची देणगी आहे; तिथे जमणाऱ्यांना बरे वाटते ते हसण्यामुळे की रोज सकाळी त्याच दहा माणसांना भेटल्यामुळे, हे वेगळे काढणे अवघड असले, तरी जवळ असेल तर जरूर जावे आणि वहीत आकडा घालावा.

सुखाच्या नेहमीच्या उपायांची २०२३ साली काटेकोर छाननी झाली, तेव्हा त्यांपैकी अनेकांमागचा पुरावा आपण समजतो त्यापेक्षा कच्चा आहे, असे दिसले. व्यायाम, ध्यान आणि निसर्गसहवास यांबाबतही पुरेशा मोठ्या आणि आधी जाहीर केलेल्या आराखड्याने झालेल्या प्रयोगांची संख्या थोडी होती. मला यात निराशेचे कारण दिसत नाही. आपल्या वहीतला पुरावा एकाच माणसापुरता असतो, पण तो माणूस आपणच असतो.

सहावा आठवडा: बदल थांबवणे

या आठवड्यात दोन्ही बदल मुद्दाम बंद करावेत आणि नोंदी चालू ठेवाव्यात. हे विचित्र वाटेल, पण बदल काढून घेतल्यावर आकडा पुन्हा खाली आला, तरच तो बदलामुळे वर गेला होता असे म्हणायला आधार मिळतो. मी फास्ट गाडीत परतले, कानात इअरफोन घातले, आणि तिसऱ्याच दिवशी परतीच्या प्रवासापुढे पुन्हा २ लिहिले. रात्रीच्या तीन गोष्टींची नोंद थांबवल्याने मात्र काही फरक दिसला नाही; ती मी आता फक्त रविवारी करते.

शेवटच्या दिवशी, पहिल्या दिवसाच्याच वारी आणि वेळी, पाच विधाने पुन्हा भरावीत. माझी बेरीज २१ वरून २३ झाली. दोन गुणांचा फरक कोणत्याही दिवशी पडू शकतो, म्हणून मी तो मोजत नाही; समाधानाचे माप सहा आठवड्यांत सहसा हलत नाही, आणि ते हलले नाही म्हणून प्रयोग फसला असे समजू नये. प्रसंगांच्या आकड्यांकडे पाहावे.

त्यानंतरच्या महिन्यात मी घरातल्या त्या तासाला हात घातला. आठ ते नऊ टीव्ही बंद ठेवून टेबलावर भाजी निवडायला घेते आणि मुलगा समोर बसून कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करतो. पहिल्या आठवड्यात तो कुरकुरला, आता शाळेतले सांगत बसतो, आणि आकडा तीन-चारवर टिकला आहे. वही भरली तरी टाकू नये. जुलैमध्ये, रुळांवर पाणी साचून गाड्या रखडण्याच्या दिवसांत, पुन्हा एक आठवडा नुसत्या नोंदी कराव्यात, कारण पावसाळ्यातला मुंबईचा दिवस वेगळा असतो आणि हिवाळ्यात कामी आलेला बदल तेव्हा टिकतोच असे नाही.